इटॉप्स : दोन इंजिनांच्या विमानांचे दूर पल्ल्याचे उड्डाण, देखभाल आणि मंजुरी

दोन इंजिनांचे प्रवासी विमान वाटेत कोणत्याही क्षणी एका इंजिनावर आले, तर उतरण्याजोगा विमानतळ किती मिनिटांवर असावा, हे ठरवणारी नियमावली म्हणजे इटॉप्स. मूळ मर्यादा ६० मिनिटांची आहे. तिच्या पलीकडचा मार्ग घ्यायचा तर त्या विमान-इंजिन जोडीला आणि ते उडवणाऱ्या कंपनीला वेगवेगळी मंजुरी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २०१२ पासून यासाठी ईडीटीओ ही संज्ञा स्वीकारली. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, अर्थात डीजीसीए, याच नावाने मंजुरी देते. हँगरमध्ये मात्र आजही सगळे ‘इटॉप्स’च म्हणतात.

मिनिटांत सांगितलेली ही मर्यादा नकाशावर अंतर म्हणून आखतात. वारा शून्य धरायचा, कंपनीने एका इंजिनासाठी ठरवलेला वेग घ्यायचा आणि प्रत्येक विमानतळाभोवती वर्तुळ काढायचे. मोठ्या जेट विमानाचा असा वेग ताशी ४०० सागरी मैल धरला, तर १८० मिनिटांचे वर्तुळ १,२०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर त्रिज्येचे होते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई किंवा हैदराबादला जाणाऱ्या विमानाला हा प्रश्न पडतच नाही. बेळगावचा सांब्रा विमानतळ इथून हवाई अंतराने सुमारे १०० किलोमीटरवर आहे. पुणे आणि गोवाही आवाक्यात आहेत. एटीआरसारखे पंख्याचे विमान एका इंजिनावर हळू उडते, तरी या भागात ६० मिनिटांचे वर्तुळ कुठेच ओलांडले जात नाही. कोल्हापूरचा प्रवासी इटॉप्सच्या कक्षेत येतो तो मुंबईहून मॉरिशस किंवा नैरोबीचे विमान पकडल्यावर. तिथे खाली अरबी समुद्र आणि हिंदी महासागर असतो, आणि सलाला, माले, सेशेल्समधील माहे अशा मोजक्या धावपट्ट्यांवर सगळा हिशेब बसवावा लागतो.

नियम कसा सैल होत गेला. अमेरिकेने ६० मिनिटांचा नियम १९५३ मध्ये केला. पिस्टन इंजिने तेव्हा वरचेवर बंद पडत, त्यामुळे त्या काळाला तो नियम रास्तच होता. टर्बाइन इंजिने भरवशाची निघाली आणि १९६४ मध्ये तीन इंजिनांच्या टर्बाइन विमानांना सूट मिळाली. दोन इंजिनांना खरी मोकळीक १९८५ मध्ये आली. त्या वर्षी टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीच्या बोइंग ७६७ ने अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली, आणि अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने, म्हणजे एफएएने, १२० मिनिटांची चौकट जाहीर केली. १९८८ मध्ये १८० मिनिटांची वाट खुली झाली. बोइंग ७७७ ला १९९५ मध्ये सेवेत येण्याआधीच १८० मिनिटांची मान्यता मिळाली. २०१४ मध्ये बोइंग ७८७ ला ३३० आणि एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मान्यता देण्यात आली.

मंजुरीचे दोन थर. पहिला थर विमानाच्या रचनेचा. अमेरिकी नियमांनुसार जगभरच्या ताफ्यात त्या विमान-इंजिन जोडीचे किमान २,५०,००० इंजिन-तास भरलेले असावेत, किंवा सेवेपूर्वीच कसून चाचणी करून भरवसा सिद्ध करावा. दुसऱ्या मार्गात इंजिनाला चाचणीमंचावर चालू-बंदची किमान ३,००० आवर्तने करावी लागतात. शिवाय तीन वेळा, कमाल वळण-कालावधीइतका (वाट सोडून पर्यायी विमानतळ गाठायला मंजूर असलेला) वेळ, कमाल अखंड थ्रस्टवर, म्हणजे रेट्यावर, ते चालवून दाखवावे लागते. १८० मिनिटांपर्यंतच्या मान्यतेसाठी उड्डाणात इंजिन बंद पडण्याचे प्रमाण दर १,००० इंजिन-तासांना ०.०२ किंवा त्याहून कमी, म्हणजे ५०,००० तासांत फार तर एकदा, असावे लागते. त्यापुढच्या मान्यतेसाठी ते ०.०१ हवे.

दुसरा थर विमान कंपनीचा. एकच विमान एका कंपनीकडे १८० मिनिटे उडते आणि दुसरीकडे ६० वर अडते, कारण मंजुरी त्या कंपनीच्या देखभाल कार्यक्रमाला, प्रशिक्षणाला आणि नोंदींच्या शिस्तीला मिळते. जुन्या पद्धतीत १२० मिनिटांसाठी त्या जोडीचा १२ महिन्यांचा अनुभव आणि १८० साठी १२० मिनिटांच्या उड्डाणांचे आणखी १२ महिने लागत. आता प्रक्रिया आधीच सिद्ध करून दाखवली तर हा काळ कमी होतो. मंजुरी मिळाल्यावर कंपनीने उड्डाणात इंजिन बंद पडण्याच्या याच प्रमाणाची १२ महिन्यांची फिरती सरासरी ठेवायची असते. ती १२० मिनिटांसाठी ०.०५, १८० साठी ०.०३ आणि त्यापुढे ०.०२ च्या वर गेली, की कारणांचा सविस्तर आढावा घेणे बंधनकारक होते. लहान ताफ्याला हे गणित फार कडक पडते. चार विमाने, प्रत्येकी दोन इंजिने आणि वर्षाला ४,००० तास धरले तर ३२,००० इंजिन-तास होतात. त्यात एकच इंजिन एकदा बंद पडले तरी आकडा ०.०३१ वर जातो.

उड्डाणापूर्वीची तपासणी आणि तेलाचा हिशेब. इटॉप्स उड्डाणाआधी नेहमीच्या तपासणीखेरीज एक खास तपासणी होते, आणि तिच्यावर इटॉप्सचे प्रशिक्षण घेतलेल्या अधिकृत व्यक्तीचीच सही चालते. तीत इटॉप्सच्या दृष्टीने महत्त्वाच्या यंत्रणांची स्थिती, लॉगबुकातल्या प्रलंबित नोंदी, विमानाची आतून-बाहेरून पाहणी आणि दोन्ही इंजिने व एपीयू, म्हणजे शेपटातले साहाय्यक इंजिन, यांच्या तेलाची पातळी व खप पाहतात. नुसती पातळी पाहणे पुरत नाही. टाकी भरलेली दिसली तरी मागच्या फेरीत किती भरले, हे कळल्याशिवाय इंजिनाची तब्येत कळत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला जुना मिस्त्री शेतीपंपाच्या ऑइल इंजिनाबद्दल ‘हे इंजिन ऑइल खातंय’ म्हणतो, तेव्हा तो हाच खप मोजत असतो. विमानात तो ‘तासाला किती’ असा काढून लिहितात. आठ तासांच्या फेरीनंतर दोन क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) तेल भरले, तर खप तासाला ०.२५ क्वार्ट. पुढच्या फेरीत चार क्वार्ट लागले तर तो दुप्पट झाला. हा आकडा मॅन्युअलच्या कमाल मर्यादेच्या आत असला, तरी इतकी अचानक उडी सील, बेअरिंग किंवा नळीच्या जोडाकडे बोट दाखवते. ती तपासल्याशिवाय विमान समुद्रावर पाठवू नये.

तेल तपासण्यातली नेहमीची चूक वेळेची आहे. तेलाची पातळी इंजिन बंद केल्यावर ठरावीक अवधीतच पाहायची असते. अनेक इंजिनांना ५ मिनिटे थांबून, पण अर्ध्या ते एका तासाच्या आत. उशीर झाला तर टाकीतले तेल गिअरबॉक्सकडे झिरपते आणि पातळी खोटी कमी दिसते. घाईत भर घातली की टाकी वाजवीपेक्षा जास्त भरते, त्या फेरीचा खप फुगलेला दिसतो आणि पुढच्या फेरीचा घटलेला. आलेख एकदा असा बिघडला की खरी गळती त्यात लपून जाते.

दोन्ही इंजिनांना एकच हात नको. इटॉप्स देखभालीचा गाभा हाच आहे. दुसरे इंजिन सुरक्षिततेची हमी असते ते पहिल्याहून स्वतंत्र असेपर्यंतच. एकाच माणसाने, एकाच रात्री, एकाच गैरसमजातून दोन्हींवर काम केले तर ते स्वातंत्र्य संपते. याचे सर्वांत बोलके उदाहरण तीन इंजिनांच्या विमानाचे आहे. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे एल-१०११ विमान मायामीहून नासाऊला १७२ जणांना घेऊन निघाले. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. तेलातले धातूचे कण पकडणारा हा छोटा चुंबकी प्लग, आणि तो घट्ट बसवणारी रबरी ओ-रिंग. एरवी हे प्लग फोरमनच्या कपाटातून ओ-रिंगसह तयार मिळत. त्या रात्री ते स्टोअरमधून आणले, आणि त्यांना ओ-रिंग नव्हत्या. तिन्ही इंजिनांतून तेल गळाले. आधी बंद केलेले एक इंजिन पुन्हा सुरू झाले, म्हणून विमान मायामीला परतू शकले. पॅकिंग न टाकता नट आवळला तर काय होते, हे कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये सांगावे लागत नाही. पण नवा भाग पॅकिंगसह येतो अशी हाताला सवय झाली, की डोळा तपासायचे सोडतो.

म्हणून ऑइल फिल्टर, चिप डिटेक्टर, इंधन फिल्टर, बोरोस्कोपचे (इंजिनात डोकावून पाहायच्या दुर्बिणीचे) प्लग अशी सारखी कामे दोन्ही इंजिनांवर एकाच भेटीत करत नाहीत. डावे आज, उजवे पुढच्या तपासणीत, असे वेळापत्रकच आखतात. टाळता आलेच नाही तर दोन इंजिनांना दोन वेगळे तंत्रज्ञ देतात, किंवा एकच तंत्रज्ञ दुसऱ्या पात्र व्यक्तीच्या थेट देखरेखीखाली काम करतो. दोन्ही प्रकारांत पात्र व्यक्तीने जमिनीवर चाचणी घेऊन काम पडताळायचे असते. काही बिघाड हवेतच पडताळता येतात. तेव्हा विमान इटॉप्स क्षेत्रात शिरण्याच्या बिंदूपूर्वी वैमानिक ती यंत्रणा तपासून निकाल कळवतो. निकाल समाधानकारक नसेल तर पुढे जायचे नाही.

सुट्या भागांवर नियंत्रण. विमान-इंजिन जोडीसाठी सीएमपी नावाचा दस्तऐवज असतो. त्यात इटॉप्ससाठी कोणत्या सुधारणेचे भाग चालतात, कोणती देखभाल लागते आणि कोणती कार्यपद्धती पाळायची, हे ठरलेले असते. फाउंड्रीत कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या घाणाचा क्रमांक, घालतात तो नंतर माग काढता यावा म्हणून. इथे एक पाऊल पुढे जाऊन, चुकीच्या सुधारणेचा भाग विमानाला लागूच नये अशी व्यवस्था स्टोअरमध्ये करावी लागते. ती ढिली पडली तर काय होते ते २४ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. एअर ट्रान्सॅटचे ए३३० विमान टोरांटोहून लिस्बनला चालले होते. इंजिन बदलताना जुन्या आणि सुधारित रचनेचे हायड्रॉलिक व इंधनाचे भाग एकत्र बसवले गेले होते. दोन नळ्या एकमेकींवर घासल्या आणि इंधननळीला चीर गेली. इंधन संपून दोन्ही इंजिने थांबली, आणि ३०६ जणांचे विमान तरंगत अझोर्स बेटांवरील लाजेसला उतरले. नळ्यांमधले अंतर फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, तपासण्याइतकी साधी गोष्ट किती दूरवर पोचते, ते इथे दिसते.

इतर अटी. मालकक्षातील आग दाबून ठेवणारी यंत्रणा वळण-कालावधी अधिक १५ मिनिटे, म्हणजे १८० मिनिटांच्या मंजुरीला १९५ मिनिटे, टिकली पाहिजे. इंधन सर्वांत वाईट बिंदूवर केबिनचा दाब गेला असे धरून मोजतात. मग विमान १०,००० फुटांवर उतरते आणि तिथे इंधन जास्त जळते. वाऱ्याच्या अंदाजातली चूक, पंखांवरचा बर्फ आणि १,५०० फुटांवर १५ मिनिटांचे घिरट्या घालणे यांचीही तरतूद त्यात असते. एपीयू थंडीत काही तास गारठल्यावर हवेत सुरू होतो का, याच्या चाचण्या घेतात, आणि यशाचे प्रमाण ९५ टक्के अपेक्षित असते.

कळवणे आणि दर्जा उतरवणे. उड्डाणात इंजिन बंद पडणे, बिघाडामुळे वळणे किंवा परतणे, आपोआप थ्रस्ट बदलणे, इंधन गळणे अशा घटना अमेरिकी नियमांनुसार ९६ तासांत कळवायच्या असतात. रोजच्या कामात मात्र जास्त वेळा येतो तो दर्जा उतरवण्याचा प्रसंग. एक जनरेटर निकामी झाला, किंवा एपीयू सुरू होईना, तर विमान उडण्यास लायक असूनही इटॉप्सला लायक राहत नाही. केंद्रीय देखभाल नियंत्रण कक्ष लॉगबुकात तशी नोंद करतो आणि डिस्पॅचला, म्हणजे उड्डाणांचे नियोजन करणाऱ्या विभागाला, कळवतो. ते विमान मुंबई-दिल्ली फेरीवर लावता येते. मॉरिशसला दुसरे पाठवावे लागते, किंवा मग ६० मिनिटांच्या वर्तुळांतून जाणारा लांबचा मार्ग, जादा इंधन आणि कमी माल. बिघाड दुरुस्त झाला म्हणून दर्जा आपोआप परत येत नाही. पडताळणी चाचणी पूर्ण होऊन अधिकृत व्यक्तीची सही झाली, की मगच लॉगबुकातली ती नोंद बंद होते.