पॅराकनू: प्रमाणपत्रावरचे टक्के आणि पाण्यावरचा वर्ग

2021 मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ग्वाल्हेरची एक खेळाडू पॅराकनूच्या, म्हणजे अपंगांच्या होडी-शर्यतींच्या, अंतिम फेरीत उतरली. या खेळात भारताकडून पॅरालिम्पिकला गेलेली ती पहिलीच. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्णही आणलं. ग्वाल्हेरच्या लष्कर-कंपू भागातल्या मराठी घरांत त्यानंतर या खेळाबद्दल पहिला प्रश्न निघतो तो असा: अपंगत्वाचं प्रमाणपत्र 70 टक्क्यांचं आहे, मग शर्यतीत कुठला वर्ग मिळेल?

टक्क्यांवरून वर्ग ठरत नाही. किमान 40 टक्के अपंगत्वाची अट सरकारी सवलती आणि आरक्षणासाठी आहे. 1995 च्या कायद्यातही ती होती, 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 21 झाले तरी ती राहिली. खेळात पाहिलं जातं ते होडी पुढे ढकलायला धड आणि पाय किती कामाला येतात एवढंच. म्हणून पोलिओने एक पाय गेलेला आणि कमरेखाली संवेदना नसलेला, अशा दोघांचे टक्के कागदावर जवळपास असले तरी पाण्यावर त्यांचे वर्ग वेगळे पडू शकतात. फक्त हातात दोष असेल तर टक्के कितीही असोत, या खेळात पात्रता नाही.

ही पद्धत आली कशी, यात बरीच ओढाताण आहे. जागतिक स्पर्धा 2010 च्या सुमारास सुरू झाल्या तेव्हा वर्ग रोइंगकडून उसने घेतले होते: फक्त हात, धड व हात, पाय-धड-हात. 2010 च्या डिसेंबरमध्ये 2016 च्या रिओ पॅरालिम्पिकसाठी खेळाला मान्यता मिळाली, पण वर्गीकरणाला शास्त्रीय पुरावा हवा अशी अट होती. दोन पात्याचं वल्हं असलेल्या कयाकचा अभ्यास वेळेत पुरा झाला. एका पात्याचं वल्हं आणि बाजूला तरंगता दांडा असलेल्या वाआ या होडीचा झाला नाही. 2015 मध्ये वाआ वगळून सहाही शर्यती कयाकच्या केल्या.

पुराव्याचा आग्रह बरोबर होता. फटका मात्र चुकीच्या माणसांना बसला. स्पर्धेची पॅरा कयाक जास्तीत जास्त 520 सेंटिमीटर लांब आणि किमान 50 सेंटिमीटर रुंद असते, ती दोन्ही बाजूंना कलते. धडावर ताबा नसलेल्याला तिच्यात नुसतं बसून राहणंही कष्टाचं. वाआ एका बाजूने दांड्यावर टेकते, पण तिला सुकाणू नसतं, म्हणून दिशा वल्ह्यानेच राखावी लागते. एकीवर वर्षानुवर्षं घडवलेला हात दुसरीवर चालत नाही, आणि रिओ तेव्हा दीड वर्षावर आलं होतं. टोकियोत वाआ परतली, 3 शर्यतींत; 2024 च्या पॅरिसमध्ये 4 झाल्या. त्यांत धडाचा ताबा सर्वांत कमी असलेल्यांचा, वाआचा व्हीएल-1 वर्ग मात्र नाही. सर्वांत जास्त गरज असलेल्यालाच दार बंद ठेवणं पटत नाही.

कयाकचे आजचे वर्ग केएल-1, 2 आणि 3; ताबा सर्वांत कमी तो केएल-1. आधी बाकावर धडाची आणि पायांची चाचणी होते. सांध्याच्या प्रत्येक हालचालीला 0, 1 किंवा 2 गुण. मग एर्गोमीटर, म्हणजे जमिनीवर वल्हवायचं यंत्र, शेवटी प्रत्यक्ष पाण्यात निरीक्षण. बाकावर मुद्दाम कमी जोर लावला तर पाण्यात ते उघडं पडतं.

ग्वाल्हेरात अपंगांच्या खेळांसाठीच्या केंद्राला 2019 मध्ये मंजुरी मिळाली, 2023 मध्ये ते उघडलं. व्यायाम आणि पोहणं इथे करता येईल. प्रदेशातला कनूचा मुख्य सराव मात्र सुमारे 400 किलोमीटरवरच्या भोपाळच्या तलावांवर चालतो. तिथे जाण्याआधी पोहणं पक्कं हवं, तेही पाय न वापरता.

पहिल्या दिवसांत घोटाळा होतो तो आसनाचा. पट्टा कमरेला, वेल्क्रोचा, आणि सोडायचं टोक पुढे, एका हाताने ओढता येईल असं. मागे बांधलेला पट्टा नाव उलटल्यावर सापडत नाही. छातीएवढ्या पाण्यात दोन माणसं दोन्ही बाजूंना उभी ठेवून नाव मुद्दाम उलटवायची आणि पट्टा सोडून बाहेर यायचं. हे जमेपर्यंत खोल पाणी नाही. पाय हलत नसतील तर पायाने फिरवायचं सुकाणू सरळ घट्ट बांधतात. संवेदना नसलेली टाच नावेच्या तळाशी घासून सोलते आणि कळतही नाही, म्हणून मऊ मोजे घालायचे, आसनाखाली फोम घ्यायचा आणि बाहेर आल्यावर बैठकीच्या हाडांवरची कातडी आरशात पाहायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती पूर्ण जाईपर्यंत बैठक बंद.

मणक्याची इजा छातीच्या वर असेल तर इजेखालच्या अंगाला घाम येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा सराव पहाटेच उरकायचा, टोपी आणि मान ओली ठेवायची. गुंगी किंवा डोकेदुखी जाणवली की लगेच काठावर.