पुतळा गेला, आइस्क्रीम राहिलं: जो पॅटर्नो प्रकरणाची पार्श्वभूमी

भाचा तिकडे पेन्सिल्व्हेनियात शिकायला गेलाय, पेन स्टेट युनिव्हर्सिटीत. परवा त्याने फॅमिली ग्रुपवर आइस्क्रीमच्या कोनाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "पीची पॅटर्नो, इथलं फेमस." युनिव्हर्सिटीची स्वतःची डेअरी आहे, तिथं मिळतं, पीचचे तुकडे असतात त्यात. ताईने बदाम पाठवला, आईने "थंडीत कशाला खातोस" विचारलं, आणि मी त्या नावावरच अडकलो. पॅटर्नो म्हणजे तोच फुटबॉल कोच ना, ज्याचा पुतळा ह्याच युनिव्हर्सिटीने एका रविवारी सकाळी ताडपत्रीत गुंडाळून उचलून नेला? मग पुतळा नको आणि आइस्क्रीम चालतं, हे कसं काय?

रविवारी बडोद्यात दांडिया बाजारात सेव उसळच्या लारीवर हे मित्रांना सांगितलं तर दोन तास भांडण झालं आणि अर्ध्यांना मूळ प्रकरणच माहीत नव्हतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

तर जो पॅटर्नो. १९२६ चा जन्म, ब्रुकलिनचा पोरगा, ब्राउन युनिव्हर्सिटीत इंग्लिश साहित्य शिकला, घरच्यांना वाटत होतं वकील होणार, पण १९५० मध्ये त्याचा कोच पेन स्टेटला गेला आणि जाताना ह्याला असिस्टंट म्हणून घेऊन गेला. १९६६ ला हेड कोच झाला आणि मग २०११ पर्यंत हललाच नाही. खेळ फुटबॉल, पण आपला पायाने खेळायचा नाही, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. आणि कॉलेजचा खेळ म्हणून हलक्यात घेऊ नका, त्यांचं बीव्हर स्टेडियम एक लाखाच्या वरचं आहे, आपल्याकडे एक मोटेरा सोडलं तर तेवढं कुठलंच नाही, आणि ते गाव म्हणाल तर आपल्या मांजलपूर-मकरपुऱ्यात मावेल एवढं. १९८२ आणि १९८६ ला नॅशनल टायटल, पाच सीझन एकही मॅच न हरता. जाड चष्मा, आखूड पँट, पांढरे मोजे, काळे बूट, आणि टीमच्या जर्सीवर खेळाडूचं नाव नाही, कारण नाव टीमचं, माणसाचं नाही असा त्याचा खाक्या. पोरांनी डिग्री घेतलीच पाहिजे हा हट्ट. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीसाठी नवरा-बायकोने लाखो डॉलर दिले, लायब्ररीला त्यांचंच नाव आहे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर नुसता कोच नाही, उस्ताद.

आणि बडोद्याच्या माणसाला उस्ताद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. माणिकरावांनी जुम्मादादांकडून शिकून आखाडा चालवला तो गुरूच्याच नावाने, जुम्मादादा व्यायाम मंदिर. मी लहानपणी ज्या छोट्या आखाड्यात जायचो तिथंही भिंतीवर उस्तादांचा फोटो, खाली खिळ्याला हार, आत शिरलं की आधी माती कपाळाला मग त्या फोटोला हात, आणि आठ-नऊ वर्षांत त्या माणसाबद्दल काही विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही. पेन स्टेटला चाळीस-पन्नास वर्षं हेच चाललं होतं, फक्त हाराच्या जागी ब्राँझ.

आता दुसरा माणूस, जेरी सँडस्की. १९६९ पासून पॅटर्नोचा असिस्टंट, पुढे डिफेन्सचा मुख्य कोच. १९७७ मध्ये त्याने गरीब, अडचणीतल्या मुलांसाठी एक संस्था काढली, गावात नाव कमावलं. हीच संस्था म्हणजे त्याची लैंगिक अत्याचारासाठी मुलं हेरायची जागा होती, हे नंतर कोर्टात आलं. १९९८ मध्ये एका आईने तक्रार केली होती, कॅम्पस पोलिसांनी चौकशी केली, केस काही उभी राहिली नाही. १९९९ मध्ये सँडस्की रिटायर झाला, पण कॅम्पसवर ये-जा करायची मुभा त्याला राहिली. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतलं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात भयंकर वाक्य आहे.

फेब्रुवारी २००१. शुक्रवारी रात्री टीमच्या लॉकर रूममध्ये माइक मॅक्वेरी नावाचा तरुण असिस्टंट आला, त्याला शॉवरमध्ये सँडस्की एका लहान मुलाबरोबर दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॅटर्नोच्या घरी गेला आणि सांगितलं. पॅटर्नोने ते आपल्या वरच्याला, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख टिम कर्ली याला कळवलं. ताबडतोब नाही हं. दहा वर्षांनी ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) त्याने स्वतःच सांगितलं की शनिवार सकाळ होती, लोकांचा वीकेंड खराब करावासा वाटला नाही. मग कर्ली, युनिव्हर्सिटीचा व्हाइस प्रेसिडेंट शुल्ट्झ आणि सगळ्यात वर प्रेसिडेंट स्पॅनियर यांच्यात ते फिरलं आणि तिथंच जिरलं. पोलिसांत कोणी गेलं नाही.

लारीवरचं भांडण इथंच पेटलं. आमचा एक मित्र आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालेला, तो म्हणाला, "अरे, त्याने वर कळवलं ना? साहेबाला सांगितलं, साहेबाने केलं नाही, ह्याचा काय दोष?" आणि गंमत म्हणजे त्या वेळच्या पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे आमचा मित्र बरोबर होता! तेव्हा संस्थेतल्या कर्मचाऱ्याने आपल्या प्रमुखाला सांगितलं की त्याचं काम संपलं, पुढे कळवायचं ते प्रमुखाने. सरकारी वकिलांनी पॅटर्नोवर गुन्हा लावला नाही. राज्याच्या पोलीस कमिशनरने मात्र तेव्हाच बोलून दाखवलं होतं की कायद्याचं ठीक आहे, पण माणूस म्हणून जबाबदारीचं काय. दुसरा मित्र, त्याची मुलगी स्विमिंगला जाते, तो बराच वेळ गप्प होता, मग एवढंच म्हणाला, "आणि पुढची दहा वर्षं तो माणूस डोळ्यासमोर हिंडत होता तेव्हा?"

त्यावर रिटायर मित्राने पाव मोडला आणि काही बोलला नाही.

(आपल्याकडचं सांगून टाकतो कारण लारीवर तेही कोणाला माहीत नव्हतं. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं किंवा नुसता संशय आला त्याने पोलिसांना कळवायचंच, कलम २१ प्रमाणे न कळवणं हा गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर शिक्षा एक वर्षापर्यंत. म्हणजे इथं "साहेबाला सांगितलं होतं" चालत नाही. पेन्सिल्व्हेनियानेही ह्या प्रकरणानंतर कायदा बदलला, आधी थेट हेल्पलाइनला कळवा, मग साहेबाला सांगा.)

२०११ चा शेवट फार भराभर झाला. २९ ऑक्टोबरला इलिनॉयविरुद्ध बर्फात भिजत १०-७ ने जिंकले, पॅटर्नोचा ४०९ वा विजय, त्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोणाचेच एवढे नव्हते. ५ नोव्हेंबरला सँडस्कीला अटक. ९ तारखेला सकाळी पॅटर्नो म्हणाला सीझन संपला की जातो, मागे वळून पाहता मी आणखी काही करायला हवं होतं असंही म्हणाला. त्याच रात्री एक कर्मचारी घरी पाकीट घेऊन आला, आत एक फोन नंबर, त्याने लावला, पलीकडून ट्रस्टींनी काढून टाकल्याचं सांगितलं. एकसष्ट वर्षांची नोकरी फोनवर संपली. बायकोने परत तोच नंबर फिरवून सुनावलं की एकसष्ट वर्षांनंतर याहून बरं काहीतरी त्याच्या वाट्याला यायला हवं होतं. बाहेर हजारो पोरं रस्त्यावर, एका चॅनेलची व्हॅन उलटी केली. कोणासाठी? कोचसाठी. त्या मुलांसाठी मेणबत्त्या नंतर लागल्या, हे विसरू नये.

२२ जानेवारी २०१२ ला पॅटर्नो फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला, वय ८५. खटला अजून उभाही राहिला नव्हता. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे त्याची नीट उलटतपासणी कधीच झाली नाही आणि पुढचं सगळं त्याच्या पश्चात इतरांनी ठरवलं. आणि एकाने नाही ठरवलं, ज्याच्या ताब्यात जे होतं त्याने ते ठरवलं. आइस्क्रीमचं कोडं मला इथं सुटलं.

जूनमध्ये सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरला, पुढे ३० ते ६० वर्षं शिक्षा. १२ जुलैला लुई फ्री, एफबीआयचे माजी प्रमुख, यांचा रिपोर्ट आला, युनिव्हर्सिटीनेच नेमलेला. त्यात म्हटलं की वरच्या तिघांनी आणि पॅटर्नोने मिळून हे दडपलं, आणि १९९८ ची चौकशीही पॅटर्नोला माहीत होती. झालं, दहा दिवसांत धडाधड सगळं पडत गेलं. गावात एक मोठं भित्तिचित्र आहे, चित्रकार मायकल पिलाटो, त्याने जानेवारीत पॅटर्नोच्या डोक्यामागे प्रभामंडल काढलं होतं, आपण संतांच्या फोटोत बघतो तसं, ते त्याने पुसलं. नायकीने आपल्या ऑफिसच्या पाळणाघराला दिलेलं पॅटर्नोचं नाव काढलं. (पाळणाघर! नावं देताना कोणाला काय माहीत असतं.) नायकीचा मालक फिल नाइट सहा महिन्यांपूर्वी पॅटर्नोच्या शोकसभेत त्याची बाजू मांडत होता आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. २२ जुलैला पुतळा हलला. प्रेसिडेंटने सांगितलं की पुतळ्यामुळे गावात फूट पडते, जखमा भरत नाहीत, पण लायब्ररीचं नाव राहील कारण ते शिक्षणासाठी दिलेल्या देणगीचं आहे. म्हणजे युनिव्हर्सिटीने माणसाचे दोन भाग केले, मैदानावरचा गोडाऊनमध्ये आणि पुस्तकातला जागच्या जागी.

डेअरीने सँडस्कीच्या नावाचं एक आइस्क्रीम होतं ते अटकेनंतर लगेच बंद केलं. पॅटर्नोचं चालू ठेवलं.

आकड्यांचं तर नाटकच झालं. २३ जुलैला एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशभरची संघटना, तिने ६ कोटी डॉलर दंड ठोकला आणि १९९८ पासूनचे विजय रद्द केले, पॅटर्नोचे १११. एका पत्रकार परिषदेत ४०९ चे २९८ झाले. मग सगळ्यात वर कोण आला? बॉबी बाउडन, दुसऱ्या युनिव्हर्सिटीचा कोच, ३७७ विजय, आणि त्याचेही १२ आधीच एका कॉपी प्रकरणात रद्द झालेले! विजय रद्द करणं ही मला पहिल्यापासून बालिश शिक्षा वाटत आलीय. मॅच झाली, पोरं धावली, लाखभर लोकांनी पाहिली, ती झालीच नाही असं कागदावर लिहून अत्याचार झालेल्या त्या मुलांना काय मिळालं? उलट त्यामुळे अख्खं भांडणच आकड्यावर गेलं, कॅम्पसमध्ये ४०९ चे स्टिकर लागले, राज्याचा एक सिनेटर कोर्टात गेला, आणि १६ जानेवारी २०१५ ला समझोत्यात सगळे विजय परत मिळाले. लोकांनी जल्लोष केला, जणू निर्दोष सुटला. अरे, कोर्टाने निकाल कुठे दिलाय? हिशोबवहीतली नोंद बदलली फक्त.

घरच्यांनी २०१३ मध्ये स्वतःचा रिपोर्ट काढून घेतला होता, राज्याचे माजी गव्हर्नर थॉर्नबर्ग वगैरे मंडळींकडून, त्यात फ्रींचा रिपोर्ट पुराव्याशिवायचा आहे असं म्हटलं. पॅटर्नोला किती समजलं होतं हा वाद आजही तसाच आहे. वरच्या तिघांचं मात्र ठरलं, २०१७ मध्ये कर्ली आणि शुल्ट्झ यांनी मुलांची सुरक्षा धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, स्पॅनियर खटल्यात दोषी ठरला आणि २०२१ मध्ये जाऊन दोनेक महिने आत काढून आला. म्हणजे निरोप ज्यांच्यापर्यंत पोचला ते तुरुंगात गेले आणि ज्याने पोचवला त्याचं काय करायचं ते कोणाला ठरवता आलं नाही.

माझं मत विचाराल तर, दडपलं की नाही यापेक्षा मला तो शनिवार जास्त खुपतो. त्या गावात पॅटर्नोचा शब्द प्रेसिडेंटच्या वर चालायचा, २००४ मध्ये प्रेसिडेंट आणि कर्ली दोघं घरी जाऊन आता थांबा म्हणाले तर ह्याने ऐकलं नाही आणि पुढे सात सीझन राहिला. एवढी ज्याची चालते तो एकाच बाबतीत साध्या क्लार्कसारखा वागला, फाइल वर पाठवली आणि आपण मोकळा. ज्याचं खरंच वर कोणी ऐकणारं नसतं त्याने तसं केलं तर मी समजू शकतो. आमच्या रिटायर मित्राला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "तू बडोद्यात बसून बोलतोयस, समोर तीस वर्षांचा साथीदार असता तर?" याला माझ्याकडे उत्तर नाही, प्रामाणिकपणे.

२०१६ मध्ये पॅटर्नोच्या हेड कोच म्हणून पहिल्या मॅचला पन्नास वर्षं झाली, तेव्हा युनिव्हर्सिटीने स्टेडियममध्ये छोटासा कार्यक्रम केला, त्यावरून पुन्हा राडा झाला. पुतळा कुठे ठेवलाय ते आजही सांगत नाहीत, जागेवर झाडं लावलीत. भाच्याला विचारलं, तिथं कधी गेलास का? तर म्हणाला, "मामा, रोज बाजूनेच जातो, तिथं काय होतं?"

मैदानाला तरी पॅटर्नोचं नाव द्या म्हणून काही जण मागे लागले होते. २०२५ मध्ये ट्रस्टींनी नाव दिलं, वेस्ट शोअर होम फील्ड. घरांची बाथरूमं, खिडक्या, दारं बदलून देणारी कंपनी आहे, ५ कोटी डॉलर दिले.