बाकावरचं नागरिकशास्त्र

'लोकशाहीत प्रत्येकाला मत मांडण्याचा हक्क असतो. चूक की बरोबर ते सकारण लिहा.' सोलापुरातला दहावीचा कुठलाही मुलगा हे झोपेतही लिहील. गाईडमध्ये उत्तर तयारच असतं. पण सरांचं म्हणणं पटलं नाही, तर तो वर्गात उभं राहून तसं सांगेल का? हा प्रश्न पेपरात येत नाही. राजकीय वृत्ती कशा घडतात हे शोधणाऱ्या संशोधकांना मात्र त्यातच जास्त रस आहे.

1999 मध्ये 28 देशांतल्या सुमारे 90 हजार चौदा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी झाली. भारत त्यात नव्हता. मुलांचं नागरिकशास्त्राचं ज्ञान तपासलं गेलंच, शिवाय वर्गात वादाच्या विषयांवर बोलता येतं का, शिक्षक वेगळं मत ऐकून घेतात का, हेही विचारलं गेलं. जिथे मोकळीक होती तिथल्या मुलांची समज जास्त होती आणि मोठेपणी मतदान करू असं म्हणणारेही जास्त होते.

अर्थात, यावरून मोकळ्या वर्गामुळेच हे घडलं असं म्हणता येत नाही. घरी जेवताना निवडणुकीवर भांडणारी मुलं वर्गातही बोलणारच. मग शाळेचा वाटा किती, हे वेगळं कसं काढायचं?

यासाठी दिल्लीतला एक अभ्यास पाहण्यासारखा आहे. 2007 पासून तिथल्या अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या वर्णानुक्रमाने पडत. म्हणजे श्रीमंत घरच्या मुलाच्या गटात गरीब मूल येणार की नाही, हे बापाच्या विचारांवर नाही, तर नावाच्या पहिल्या अक्षरावर ठरत होतं. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी नेमका हाच योगायोग पकडला. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं, तेव्हा गरीब वर्गमित्रांची सवय असलेली मुलं वेगवान गरीब धावपटूला सहसा डावलत नव्हती. ती जास्त उदारही निघाली.

आता सोलापूर. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, इतक्या माध्यमांच्या शाळा एका शहरात असणं हे वैभवच आहे आणि मातृभाषेतून शिकण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण त्यामुळे बाकही वाटले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 रोजी एकत्र फाशी झाली. ही चार नावं इथल्या पोरांना पाठ असतात. त्या चार आडनावांची चार मुलं आज एका बाकावर बसतील का, हे बरंचसं आईबापांनी निवडलेल्या माध्यमावर अवलंबून आहे.

दिल्लीचा अभ्यास गरीब-श्रीमंतांचा होता, भाषांचा नव्हता, म्हणून तो इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी आंतरशालेय स्पर्धेत शाळांचे संघ एकमेकांविरुद्ध उतरवण्याऐवजी मिश्र संघ करून पाहायला खर्च काय येतो?

आणखी एक निष्कर्ष पालकसभेत हमखास निघेल, म्हणून सांगून टाकतो. दिल्लीत श्रीमंत मुलांच्या हिंदी-गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीचे गुण मात्र थोडे घटले.