रक्त गाळणं म्हणजे डायलिसिसच नव्हे

बडोद्यात दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर नऊ वर्षांचा एक मुलगा राहतो. रोज सकाळी त्याची आई पहिल्या लघवीत पट्टी बुडवते आणि खिडकीशी जाऊन बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघते. पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली की प्रोटीन जातंय. गेलं वर्षभर ती हिरवीच होते आहे. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला, प्रोटीन मात्र थांबलं नाही. परवा डॉक्टरांनी रक्त गाळण्याचा विषय काढला आणि घरच्यांचं धाबं दणाणलं. सगळ्यांना वाटलं, पोराला डायलिसिस लागलं. पण मूत्रपिंड रक्तातला कचरा नीट काढतंय की नाही हे दाखवणारं त्याचं क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे.

त्या पट्टीचा इतिहास मेणबत्तीपासून सुरू होतो. लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती दुधासारखी फाटली की मूत्रपिंड बिघडलं हे कळे. 1827 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. इथे मराठीत एक घोळ होतो. डोळ्यांखाली दिसते तीही सूज आणि डॉक्टर 'आत सूज आहे' म्हणतात तीही सूज. पहिली म्हणजे प्रोटीन गेल्यामुळे साचलेलं पाणी. दुसरीला दाह म्हणावं. ती डोळ्यांना दिसत नाही.

रक्त गाळण्याच्या दोन वाटा आहेत, डायलिसिस ही त्यातली एक. दोन्ही एकाच प्रयोगशाळेतून निघाल्या. 1913 मध्ये बाल्टिमोरला जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत कुत्र्याचं रक्त कलोडियन या सच्छिद्र पडद्याच्या नळ्यांतून फिरवून पुन्हा शरीरात सोडलं. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांचा अर्क वापरला. पुढे 1943 मध्ये नेदरलँड्समधल्या कॅम्पेन गावी, जर्मन ताब्यात असताना, विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनाचं फिरतं पिंप बनवलं. 1945 मध्ये त्यावर पहिली रुग्ण वाचली. हे डायलिसिस, थकलेल्या मूत्रपिंडाचं काम ते करतं.

दुसरी वाट 1914 ची. एबल यांनीच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरणारा पातळ भाग, काढून पेशी परत द्यायची रीत दाखवली आणि तिला प्लाझ्माफेरेसिस म्हटलं. इथे मूत्रपिंडाचं काम यंत्राकडे जात नाही. त्याला छळणारं काहीतरी रक्तातून काढायचं असतं.

ते 'काहीतरी' म्हणजे काय, यावर पन्नास वर्षं शोध चालू आहे. 1974 मध्ये शालहूब या डॉक्टरांनी रक्तातल्या अशा घटकाची कल्पना मांडली. एफएसजीएस, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्यांवर व्रण पडण्याच्या हट्टी आजारात तर नवी किडनी बसवल्यावर काही तासांत, काही दिवसांत प्रोटीन पुन्हा जाऊ लागतं. 2012 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेली हकीकत मला फार मोलाची वाटते. एका तरुणाला बहिणीने किडनी दिली, आजार लगेच परत आला. दोन आठवड्यांनी तीच किडनी काढून, तरुणाच्या संमतीने, दुसऱ्या रुग्णाला बसवली आणि तिथे ती सुधारली. किडनी तीच होती, रक्त वेगळं होतं.

दाहाचा धागा चरबीतून आला. प्रोटीन गेलं की यकृत जास्त काम करतं आणि कोलेस्टेरॉल वाढतं. ही चरबीच मूत्रपिंडाला इजा करते, असं मूरहेड या डॉक्टरांनी 1982 मध्ये सुचवलं. तिच्यामुळे भक्षक पेशी चेतवल्या जाऊन दाह वाढतो, अशी मांडणी आहे. म्हणून जपानमध्ये रुग्णाचा प्लाझ्मा डेक्स्ट्रान सल्फेट या रसायनाच्या मण्यांवरून नेऊन वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) चिकटवून घेण्याची पद्धत रुजली. ऋणभारित मण्यांना एलडीएलचं धनभारित प्रथिन चिकटतं, चांगला प्लाझ्मा परत येतो. काही रुग्णांत त्यानंतर स्टेरॉइड पुन्हा लागू पडलेलं दिसलं. अमेरिकेने 2013 मध्ये मुलांच्या एफएसजीएससाठी या यंत्राला दुर्मिळ आजारांसाठीच्या खास सवलतीखाली मान्यता दिली. यामागचे अभ्यास छोटे आहेत, हे घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवं.

रक्तातल्या त्या 'काहीतरी'चा एक धागा 2024 मध्ये दिसला: नेफ्रिन या मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या प्रथिनाविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या प्रतिपिंडांचा मोठा अभ्यास आला. अनेक रुग्णांत ते सापडले, सगळ्यांत नाही. काहींची गाळणी जन्मतःच, जनुकातल्या दोषाने कच्ची असते. त्यांचं रक्त कितीही गाळा, फरक पडत नाही. म्हणून आधी जनुकांची तपासणी. वरच्या मजल्यावरच्या मुलाचं रक्त त्यासाठीच गेलंय, रिपोर्ट अजून यायचा आहे.