कोरियन त्वचानिगा

कोरियन द्वीपकल्पात, आणि आजच्या अर्थाने मुख्यतः दक्षिण कोरियात, रूढ असलेली त्वचेची निगा राखण्याची पद्धत. चेहरा रंगाने झाकण्यापेक्षा तो स्वच्छ, ओलसर आणि उन्हापासून सुरक्षित ठेवण्यावर तिचा भर असतो. रंगभूषा त्यानंतर येते आणि तीही शक्य तितकी पातळ ठेवली जाते. जगभर ‘के-ब्यूटी’ या नावाने विकले जाते ते या पद्धतीचे बाजारी रूप होय. राजवाड्यातील स्त्रियांची हजारो वर्षांची गुपिते आपल्या डबीत आहेत, असा दावा त्या बाजारात नेहमी केला जातो. तो फार तर अर्धा खरा आहे. धुण्याची, तेल लावण्याची आणि वनस्पतींचे अर्क वापरण्याची सवय कोरियात जुनी आहे यात शंका नाही. पण आरशासमोर मांडलेली बाटल्यांची रांग ही गेल्या साठ-सत्तर वर्षांतील कारखानदारी, सरकारी नियम आणि विलक्षण चोखंदळ ग्राहक यांनी मिळून घडवलेली आहे.

कोरियातील सौंदर्यप्रसाधनांचे सर्वांत जुने दृश्य पुरावे गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या थडग्यांत सापडतात. तेथील पाचव्या शतकातील भित्तिचित्रांत गालांवर तांबडे गोल ठिपके लावलेल्या स्त्रिया दिसतात. सिल्ला राज्यात देखणे तरुण निवडून त्यांना नटवले जाई आणि त्यांच्या पथकाला ‘ह्वारांग’ म्हणत, अशी नोंद ‘सामगुक सागी’ या ११४५ मध्ये पूर्ण झालेल्या इतिहासग्रंथात आहे. त्यामुळे पुरुषांच्या प्रसाधनाला कोरियात आजच्या पॉप गायकांच्या कितीतरी आधीचा इतिहास आहे. त्वचानिगेच्या दृष्टीने अधिक बोलका पुरावा मात्र एका परदेशी माणसाचा आहे. चीनच्या सोंग दरबाराचा दूत शू जिंग ११२३ मध्ये गोर्यो राज्यात, म्हणजे तेव्हाच्या कोरियात, आला. तेथील लोक सकाळी स्नान केल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंघोळ करतात आणि चिनी लोक मळकट असतात म्हणून हसतात, असे त्याने लिहून ठेवले. तेथील स्त्रिया चेहऱ्याला पावडर लावतात पण लालीची त्यांना फारशी आवड नाही, हेही त्याने टिपले आहे.

चोसॉन राजवटीत (१३९२–१८९७) कन्फ्यूशियन विचारांचा पगडा वाढला. भडक रंगभूषा ही ‘गिसेंग’ म्हणजे कलावंतिणींची खूण मानली जाऊ लागली आणि कुलीन घरांतील स्त्रियांनी नितळ, जणू काही न लावलेला चेहरा राखावा अशी अपेक्षा रूढ झाली. न लावल्यासारखे दिसण्यासाठी बरेच काही लावावे लागते, ही कोरियन प्रसाधनातील आजही टिकलेली गोष्ट त्या काळातली आहे. राजवैद्य हो जून यांनी संकलित केलेल्या आणि १६१३ मध्ये छापून प्रसिद्ध झालेल्या ‘दोंगुई बोगाम’ या वैद्यकग्रंथात चेहऱ्याच्या विकारांवर उपाय दिलेले आहेत. पुढे १८०९ मध्ये बिंगहोगाक यी या विदुषीने लिहिलेल्या ‘ग्यूहाप चोंगसो’ या गृहविज्ञानाच्या ग्रंथात स्वयंपाक, शिवण आणि औषधांबरोबर प्रसाधनांनाही जागा मिळाली.

या काळातील सामग्री साधी आणि परसातली होती. चेहरा धुण्यासाठी मूग आणि आझुकी या तांबड्या कडधान्याचे बारीक पीठ वापरत, म्हणजे आपल्याकडच्या उटण्यासारखाच हा प्रकार. त्यातील सॅपोनिनमुळे थोडा फेस येतो आणि तेलकटपणा निघतो. तांदळाचे धुवण व कोंडा हेही वापरात होते. घोसाळ्याचा वेल कापून त्यातून ठिबकणारे पाणी बाटलीत धरत व ते चेहऱ्याला लावत. केसांना कॅमेलियाच्या बियांचे तेल, त्वचेला जर्दाळूच्या मगजाचे तेल, गालांना करडईच्या फुलांपासून काढलेली लाली. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील पंचमीला येणाऱ्या ‘दानो’ सणाला स्त्रिया वेखंड उकळलेल्या पाण्याने केस धूत. शिन युन-बोक या चित्रकाराने ओढ्याकाठी स्नान करणाऱ्या स्त्रियांचे या सणाचे जे चित्र रंगवले ते कोरियात घरोघर परिचित आहे.

राजघराण्यातील प्रसाधनांविषयी आता केवळ आख्यायिकांवर विसंबावे लागत नाही. राजा योंगजो याची कन्या ह्वाह्योप १७५२ मध्ये, विशी गाठण्याआधीच मरण पावली. सोलजवळच्या नाम्यांगजू येथे तिच्या थडग्याचे उत्खनन २०१५ पासून झाले, तेव्हा निळ्या नक्षीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या छोट्या डब्या हाती आल्या आणि त्यांतील काहींत प्रसाधनांचे अवशेष शिल्लक होते. रासायनिक तपासणीत पांढऱ्या भुकटीत शिशाचे कार्बोनेट आणि शंखजिरे, तांबड्या भुकटीत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग, आढळले. एका डबीत तर आम्लयुक्त द्रवात मुरवलेल्या असंख्य मुंग्यांचे अवशेष होते. नैसर्गिक आणि म्हणून निर्धोक असे समीकरण मांडणाऱ्यांनी या यादीकडे अवश्य पाहावे. राजकन्येच्या चेहऱ्यावर शिसे आणि पारा होता.

शिशाची ही पावडर विसाव्या शतकातही गेली नाही. १९१० च्या दशकात पार्क सुंग-जिक या सोलमधील कापड व्यापाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना भेट म्हणून ‘पाकगाबुन’ ही पावडरीची डबी दिली जाऊ लागली. तिला इतकी मागणी आली की ती स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली आणि कोरियातील पहिले कारखानी सौंदर्यप्रसाधन ठरली. शिशामुळे पावडर त्वचेला घट्ट चिकटत असे, आणि त्याच शिशाने वापरणाऱ्यांची त्वचा काळवंडत असे. तक्रारी वाढत गेल्या, जपानी वसाहतीच्या काळातील परदेशी मालाशी स्पर्धाही तीव्र झाली आणि १९३७ मध्ये उत्पादन थांबले.

आधुनिक उद्योगाची मुळे दोन घरगुती व्यवसायांत आहेत. केसोंग गावात युन दोक-जोंग ही स्त्री १९३० च्या दशकात कॅमेलियाचे तेल काढून विकत असे. तिचा मुलगा सो सुंग-ह्वान याने १९४५ मध्ये स्थापन केलेली कंपनी म्हणजे आजची अमोरेपॅसिफिक. दुसरीकडे १९४७ मध्ये कू इन-ह्वे यांनी ‘लकी क्रीम’ बनवायला सुरुवात केली. त्या कंपनीचा विस्तार पुढे एलजी उद्योगसमूहात झाला. कोरियन युद्धानंतरच्या दारिद्र्यात परदेशी क्रीम चोरट्या मार्गाने येत असत. १९६० च्या दशकाच्या आरंभी सरकारने परदेशी चैनीच्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली, आणि देशी कंपन्यांना स्पर्धाविरहित बाजार मिळाला. अमोरेने १९६४ मध्ये घरोघर जाऊन विक्री करणाऱ्या स्त्रियांची फळी उभी केली. या विक्रेत्या चेहऱ्याला मालीश करून दाखवत, काय कशानंतर लावायचे ते समजावत आणि पैसे हप्त्याने घेत. क्रमवार अनेक उत्पादने लावण्याची सवय मध्यमवर्गात रुजवण्याचे श्रेय प्राचीन ग्रंथांपेक्षा या बायकांना अधिक द्यावे लागेल. जिनसेंग या औषधी मुळावर आधारलेले प्रसाधनही याच कंपनीने १९६६ मध्ये प्रथम आणले. ‘सुल्ह्वासू’ ही आजची महागडी उत्पादनमाला त्याच प्रयत्नांतून पुढे आली.

आजच्या दिनक्रमाचे तर्कशास्त्र थोडक्यात सांगता येते. रात्री प्रथम तेलाने किंवा बामने चेहरा चोळतात, कारण सनस्क्रीन आणि रंगभूषा तेलात विरघळतात, पाण्यात नाही. मग पाण्यात फेसाळणाऱ्या सौम्य क्लेन्झरने उरलेला थर काढतात. दुहेरी धुण्याची ही रीत जपानमध्येही तितकीच रूढ असून ती निव्वळ कोरियन म्हणता येत नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण पाच पीएचच्या (आम्लता मोजण्याचे माप) आसपास असतो, तर साधा साबण अल्कधर्मी असतो. म्हणून कोरियन ग्राहक क्लेन्झरचा पीएच विचारून घेतात. त्यानंतर टोनर, एसेन्स, सीरम किंवा अँप्यूल हे पातळ द्रव, मग लोशन आणि क्रीम असा पातळाकडून घट्टाकडे जाणारा क्रम असतो. ग्लिसरिन व हायल्युरॉनिक आम्लासारखे पाणी धरून ठेवणारे घटक आधी आणि ते उडून जाऊ न देणारे स्निग्ध घटक नंतर, एवढेच त्यामागचे सूत्र आहे. कोरियातील हिवाळा कडक आणि कोरडा असतो, घरे जमिनीखालून तापवली जातात आणि त्यामुळे आतली हवाही सुकते. ओलाव्याचा हा ध्यास तेथील हवामानात समजण्याजोगा आहे. सकाळचा क्रम लहान असतो आणि सनस्क्रीनने संपतो. कागदी किंवा जेलचा शीट मास्क हा रोजचा नव्हे, अधूनमधून करायचा प्रकार.

‘दहा पायऱ्यांचा कोरियन दिनक्रम’ ही कल्पना मात्र २०१० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील विक्रेते आणि मासिके यांच्यामार्फत जगभर पसरली. कोरियात बहुतेक माणसे रोज दहा उत्पादने लावत नाहीत, आणि त्या दशकाच्या अखेरीस तर तेथेच मोजकी उत्पादने वापरण्याचा, ‘स्किप-केअर’ म्हणवला जाणारा कल आला.

सार्वजनिक स्नानगृह हा या परंपरेचा भाग परदेशी वाचकांच्या यादीतून बहुधा सुटतो, कारण तो बाटलीत भरून विकता येत नाही. गरम पाण्यात बराच वेळ बसून त्वचा भिजवायची आणि मग खरखरीत व्हिस्कोसच्या हातमोज्याने मळ व मृत पेशी घासून काढायच्या, याला ‘सेशिन’ म्हणतात. बुसानमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेला हा हातमोजा ‘इटली टॉवेल’ या नावाने ओळखला जातो. मायलेकी, मैत्रिणी, सासवासुना एकमेकींची पाठ घासून देतात, किंवा पैसे देऊन हे काम करणाऱ्या व्यावसायिकाकडून करून घेतात. घामाने उपचार करण्याच्या भट्ट्यांचा उल्लेख राजा सेजोंगच्या काळातील, म्हणजे पंधराव्या शतकातील, राजवृत्तांतात येतो. १९९० च्या दशकात त्यांचेच विस्तारित रूप असलेली ‘जिमजिलबांग’ ही रात्रभर चालणारी उष्णगृहे शहरोशहरी उभी राहिली. त्वचेच्या डॉक्टरांचे या घासण्याविषयी फारसे चांगले मत नाही, विशेषतः इसब किंवा नाजूक त्वचा असणाऱ्यांच्या बाबतीत.

घटकांपैकी जिनसेंग, तांदूळ, दवणा-नागदवण्याच्या कुळातील ‘सुक’ ही वनस्पती, जेजू बेटावरचा हिरवा चहा, प्रोपोलिस म्हणजे मधमाश्यांचा डिंक आणि गोगलगाईचा स्राव ही नावे वारंवार दिसतात. ‘सिका’ या नावाने विकला जाणारा घटक म्हणजे सेंटेला एशियाटिका, कोकणात ओलसर जागी पसरणारा कारिवणा. जखम भरून येण्यास मदत करणारी त्यातील संयुगे बऱ्यापैकी अभ्यासली गेली आहेत. गोगलगाईच्या स्रावाचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. दक्षिण कोरियाच्या कायद्याने मात्र या बाबतीत एक उपयुक्त भेद केला. १९९९ मध्ये औषध कायद्यापासून वेगळा सौंदर्यप्रसाधन कायदा संमत झाला आणि त्यात ‘कार्यात्मक प्रसाधने’ असा वर्ग निर्माण झाला: त्वचा उजळ करणारी, सुरकुत्या कमी करणारी आणि उन्हापासून रक्षण करणारी. असा दावा छापायचा तर सरकारी मान्यता लागते. उदाहरणार्थ, उजळपणासाठी नायसिनमाइड २ ते ५ टक्के आणि सुरकुत्यांसाठी ॲडिनोसिन ०.०४ टक्के अशी प्रमाणे ठरलेली आहेत. २००८ पासून सर्व घटक वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले आणि तेथील ग्राहक घटकांची यादी वाचायला शिकला. तरीही नियमांना पळवाटा उरतात. २०२० च्या अखेरीस एका लोकप्रिय सनस्क्रीनची स्वतंत्र चाचणी झाली, तेव्हा वेष्टनावरील ५० हून अधिक एसपीएफऐवजी (उन्हापासून संरक्षणाचे माप) तो विशीच्या आतच भरला, आणि उत्पादन मागे घ्यावे लागले.

उद्योगाच्या वेगामागे कॉस्मॅक्स व कोलमार कोरिया यांसारख्या दुसऱ्यांसाठी माल बनवणाऱ्या कंपन्या आहेत. संशोधन आणि उत्पादन त्यांच्याकडे तयार असल्याने लहान उद्योजकही काही महिन्यांत नवे उत्पादन बाजारात आणू शकतो. २००० नंतर मिशा, द फेस शॉप, इनिसफ्री यांच्या स्वस्त दुकानांनी सोलचा म्योंगदोंग भाग भरून गेला. २००८ मध्ये अमोरेपॅसिफिकने स्पंजात भिजवलेल्या द्रव फाउंडेशनची ‘कुशन’ डबी आणली आणि जगातील मोठ्या कंपन्यांनी तिची नक्कल केली. २०२४ मध्ये दक्षिण कोरियाची सौंदर्यप्रसाधनांची निर्यात १० अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

या यशाची दुसरी बाजूही आहे. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या रापलेल्या वर्णाच्या तुलनेत पांढऱ्या जेडसारखी कांती श्रेष्ठ, ही जुनी उतरंड ‘उजळ करणारी’ या सरकारमान्य वर्गातही टिकून आहे. नोकरीच्या अर्जाला छायाचित्र जोडण्याची प्रथा दीर्घकाळ चालू राहिलेल्या समाजात निगा ही आवड कमी आणि सक्ती जास्त होते. २०१८ मध्ये अनेक तरुण स्त्रियांनी ‘थाल-कोर्सेट’ (कोर्सेट झुगारणे) चळवळीत लिपस्टिक आणि पावडरीच्या फोडलेल्या डब्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली, ती या सक्तीविरुद्धच.

भारतात इनिसफ्रीचे पहिले दुकान २०१३ मध्ये दिल्लीत उघडले. त्यानंतर मुंबईस्थित नायकासारख्या ऑनलाइन विक्रेत्यांमुळे ही उत्पादने महाराष्ट्रातील लहान शहरांपर्यंत पोहोचली. कोरियाच्या कोरड्या हिवाळ्यासाठी आखलेले थरावर थर मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम आणि मुरुमांना निमंत्रण देऊ शकतात, तर विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या थंडीत तेच सोसतात. सावळ्या त्वचेवर मुरुमांचे काळे डाग दीर्घकाळ राहतात, त्यामुळे सनस्क्रीनची सवय येथेही तितकीच उपयोगी ठरते. भारतात आयात होणाऱ्या प्रसाधनांसाठी प्रसाधन नियम, २०२० अन्वये आयात नोंदणी आवश्यक असून तिचा क्रमांक वेष्टनावर असावा लागतो.