टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप : बदलायची वेळ (गोव्यातल्या गाड्यांच्या संदर्भात)

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्टची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची) गती कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) नेणारा दातेरी रबरी पट्टा. व्हॉल्व म्हणजे इंजिनात हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि हे गणित एका दात्याने जरी सरकलं तरी व्हॉल्व भलत्या वेळी उघडायला लागतात. इंजिन 3,000 आरपीएमवर (मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर) असताना प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो, हे सगळं त्या एका पट्ट्याच्या भरवशावर. वॉटर पंप कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरवतो, आणि बऱ्याच इंजिनांत तोही ह्याच पट्ट्यावर चालतो म्हणून दोघांची नोंद इथे एकत्र घेतलीय.

हा पट्टा मोटारीत पहिल्यांदा कोणी वापरला ह्यावर दोन मतं आहेत. एक मत अमेरिकेतल्या बिल डेव्हिन ह्यांच्या बाजूने जातं. त्यांनी साधारण 1954 च्या सुमारास पॅनहार्डच्या दोन सिलिंडरच्या इंजिनावर नॉर्टन मोटरसायकलचे वरचे भाग बसवून रेसिंगच्या गाड्या केल्या आणि त्यात कॅम फिरवायला गिल्मर कंपनीचा दातेरी पट्टा घातला, ह्याच गाडीने 1956 मध्ये तिकडची एससीसीएची (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेची) राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. दुसरं मत जर्मनीतल्या ग्लास कंपनीचं नाव घेतं, गोगोमोबिल नावाची चिमुकली गाडी करणारी तीच ती बव्हेरियातली कंपनी. त्यांची 1004 ही गाडी 1961 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दिसली पण विक्रीसाठीचं उत्पादन 1962 चं धरतात, त्यामुळे कुठे 1961 तर कुठे 1962 असं साल वाचायला मिळतं. डेव्हिनची गाडी आधीची यात वाद नाही, पण ती मोजकी, शर्यतीपुरती. पट्टा ठरलेल्या मुदतीने बदलायचा ही गोष्ट मात्र ग्राहकाच्या हातात गाडी गेल्यावरच आली, त्यामुळे ह्या नोंदीपुरता ग्लासचा दावा जास्त वजनदार वाटतो, आणि सालही 1962 च धरलेलं बरं. ग्लास कंपनी पुढे 1966 मध्ये बीएमडब्ल्यूने घेतली. त्याच 1966 च्या आसपास अमेरिकेत पाँटिअ‍ॅकचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि इटलीत फियाटचं आउरेलिओ लाम्प्रेदी ह्यांनी आखलेलं दोन कॅमचं इंजिन पट्ट्यावर आलं, आणि तिथून हा प्रकार सगळीकडे पसरला.

वॉटर पंपाचा इतिहास त्याहून जुना. फोर्डच्या मॉडेल टी च्या अगदी सुरुवातीच्या साधारण 2,500 गाड्यांत पंप होता, नंतर तो काढून टाकला आणि गरम पाणी आपोआप वर चढतं एवढ्यावरच काम भागवलं. इंजिनं जास्त ताकदीची झाली तसं ते पुरेनासं झालं.

पट्ट्याचं रबर सुरुवातीला निओप्रीन असायचं, आत काचेच्या तंतूंची दोरी आणि दात्यांवर नायलॉनचं कापड. निओप्रीनला उष्णतेने भेगा पडायच्या, त्या डोळ्यांना दिसायच्या आणि मेकॅनिक बघून सांगायचा की आता बदल. पुढे एचएनबीआर नावाचं उष्णता सोसणारं रबर आलं आणि मुदती वाढल्या, पण एक अडचण अशी झाली की हा नवा पट्टा तुटण्याआधी भेगा दाखवेलच असं नाही, आतली दोरी थकलेली असते आणि वरून पट्टा चांगला काळाभोर दिसतो. म्हणून “कव्हर उघडून बघितलं, अजून वर्षभर चालेल” हे जे गॅरेजमध्ये सहज म्हटलं जातं त्याच्यावर विसंबू नये. दात्यांच्या मुळाशी भेग, कडेला निघालेले धागे, पाठीवर आलेली काचेसारखी चकाकी किंवा कॅमच्या ऑइल सीलमधून गळलेल्या तेलाने फुगलेलं रबर दिसलं तर बदलायचाच, पण ह्यातलं काहीच दिसलं नाही म्हणजे पट्टा ठीक आहे असं ठरत नाही.

सगळ्याच गाड्यांत हा पट्टा नसतो. गोव्यातल्या रस्त्यांवर दिसणाऱ्यांपैकी जुनी मारुती 800, ऑल्टो 800, सँट्रो, डिझेल इंडिका, 1998 ची पहिली होंडा सिटी, डिझेल पोलो आणि व्हेंटो, डिझेल डस्टर, जुनी डिझेल इनोव्हा ह्या पट्ट्यावाल्या. मारुतीची के सिरीजची इंजिनं, स्विफ्ट डिझेल आणि इनोव्हा क्रिस्टाचं डिझेल ह्यांत साखळी आहे, तिला अशी ठरलेली मुदत नसते. जुन्या इनोव्हात तर मुदत भरली की डॅशबोर्डवर टी-बेल्ट असा दिवाच लागतो, पण तो किलोमीटरवर लागतो, वर्षांवर नाही, आणि गोव्यात नेमकी इथेच गफलत होते.

मुदत दोन प्रकारे दिलेली असते, किलोमीटर आणि वर्षं, आणि जे आधी भरेल ते धरायचं. जुन्या इंजिनांना साधारण 60,000 ते 1,00,000 किमी किंवा 4-5 वर्षं, नव्यांना त्याहून बरंच जास्त, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच खरा. आता गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम 105 किमी. म्हापशाहून पणजीला नोकरीला जाणारा माणूस जाऊन-येऊन 26 किमी करतो, वर्षाचे 300 दिवस धरले तर 7,800, म्हणजे पाच वर्षांत 39,000 किमी. किलोमीटरच्या हिशेबाने त्याच्या पट्ट्याची मुदत अजून बरीच बाकी असते, वर्षांच्या हिशेबाने संपलेला असतो. उलट दिवसाला 100 किमी मारणारी टुरिस्ट टॅक्सी वर्षाला 30,000 करते आणि तीन वर्षांत 90,000 ला पोचते, तिथे किलोमीटर आधी भरतात. टॅक्सीवाले हे बरोबर सांभाळतात कारण गाडी बंद म्हणजे धंदा बंद. घरगुती गाड्यांचं मात्र वाईट वाटतं, मीटरवर 40,000 बघून लोक निर्धास्त असतात.

त्यात उभ्या गाडीत चाललेलं इंजिन मीटरला दिसत नाही. रायबंदरच्या फेरीबोटीच्या लायनीत एसी लावून 20 मिनिटं उभं राहिलं तर 800 आरपीएमने क्रँकचे 16,000 फेरे होतात, आणि तेवढेच फेरे 2,000 आरपीएमला, ताशी 40 ने, साधारण सव्वापाच किलोमीटर चालवल्यावर होतात. शिवाय उभ्या गाडीत बॉनेटखाली वारा नाही, उष्णता साठून राहते आणि रबराला ती सगळ्यात जास्त लागते.

तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) आणि आखातात नोकरीला असलेल्यांच्या गाड्या हा वेगळाच प्रकार. गाडी सहा-आठ महिने शेडमध्ये कव्हर घालून उभी, घरातलं कोणीतरी अधूनमधून पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतं, मालक रजेवर आला की चवथीला सगळ्या नातेवाइकांकडे फिरून होते आणि पुन्हा उभी. पट्टा एकाच जागी पुल्यांवर वाकलेला राहतो, वॉटर पंपाच्या सीलचे घासणारे भाग वापराविना चिकटतात किंवा खरवडतात, आणि पाच मिनिटांत इंजिन नीट तापतही नाही. अशी आठ-दहा वर्षांची, 25,000 किमी चाललेली गाडी नवीसारखी समजून बेळगावला चोर्ला घाटाने काढणं म्हणजे जोखीम आहे, घाटावर जाण्याआधी पट्टा बदलून घ्यावा.

पावसाळा आणि धूळ ह्यांचाही हिशेब धरावा लागतो. पट्ट्याचं प्लॅस्टिकचं कव्हर पाणीबंद नसतं. क्रँकच्या पुलीपर्यंत पाणी येईल अशा रस्त्यातून गाडी नेली असेल तर पाण्याबरोबर लाल मातीही आत जाते आणि टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगमधलं ग्रीस धुतलं जाऊ शकतं. डिचोली, सावर्डे, कुडचडे ह्या खाणींच्या भागात चालणाऱ्या गाड्यांना मॅन्युअलमधली धुळीच्या वापराची, म्हणजे कमी मुदत लावावी.

पट्टा तुटला तर काय होतं हे इंजिनाच्या रचनेवर आहे. काही इंजिनांत पिस्टन अगदी वर आला तरी उघड्या व्हॉल्वला लागत नाही, तिथे पट्टा तुटला तर गाडी बंद पडते एवढंच, नवा घातला की चालू. पण बहुतेक आधुनिक इंजिनांत ती जागा नसते, आणि डिझेलमध्ये तर कॉम्प्रेशनसाठी वरची पोकळी इतकी कमी ठेवतात की टक्कर जवळजवळ ठरलेलीच. कॅम जिथल्या तिथे थांबतो, एक-दोन व्हॉल्व उघडेच राहतात, गाडी वेगात असल्याने चाकं क्रँकला फिरवत राहतात आणि पिस्टन येऊन व्हॉल्वला वाकवतो. मग हेड (इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग) उतरवायचं, व्हॉल्व बदलायचे, त्यांचे गाईड बघायचे, आणि खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट. चालती गाडी झटक्यात मेली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरतंय असं ऐकू आलं तर पुन्हा सेल्फ मारू नये आणि ढकलस्टार्ट तर अजिबात नको. प्रत्येक फेऱ्याला आणखी एखादा व्हॉल्व वाकू शकतो. टो करून न्यावी.

पंप पट्ट्याबरोबर बदलायचा का, ह्यावर गॅरेजवाल्यांत खरोखरच दोन बाजू आहेत. एक म्हणते पंप गळत नसेल, आवाज नसेल तर चांगला भाग का फेकायचा. दुसरी म्हणते पट्ट्यापर्यंत पोचायला क्रँकची पुली, इंजिनाचं एक माउंटिंग, कव्हरं सगळं काढावं लागतं, सहा महिन्यांनी पंप गेला तर तीच मजुरी पुन्हा, आणि पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नवा पट्टाही जातो. हे इंजिन बघून ठरवावं. डस्टरचं 1.5 डिझेल, फोक्सवॅगनची टीडीआय डिझेल, फियाट पॅलिओचं फायर नावाचं इंजिन, पहिली होंडा सिटी ह्यांत पंप ह्याच पट्ट्यावर फिरतो, तिथे पट्टा, टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला वळण देणारी मोकळी पुली) आणि पंप असा पूर्ण किटच घालावा, ह्यात पैसे वाचवू नयेत. सँट्रोसारख्या गाडीत पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो, तिथे पंप बघून ठेवला तरी चालतं.

बघायचं ते असं. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, सील झिजलं की कूलंट आधी तिथून झिरपतं आणि वाळून हिरवा, गुलाबी किंवा पांढरट थर सोडतं. टॉर्च लावून तो थर दिसला म्हणजे पंप संपला, थेंब पडत नसला तरी. पुली हाताने हलवून ढिली लागली, सकाळी थंड इंजिनावर कुरकुर आली, तरी तेच. पंप लवकर जायचं एक कारण आपणच असतो, कूलंट कमी दिसलं की बाटलीभर साधं पाणी ओततो. साध्या पाण्याने कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होतात, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो तो अ‍ॅल्युमिनियमला खातो. डिस्टिल्ड वॉटर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट वापरावं, दोन जातींची मिसळ केली तर आत गाळ धरू शकतो.

बसवताना जुळणीच्या खुणा जमल्यावर क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा परत बघायच्या असतात, मेकॅनिक हे न करता सेल्फ मारत असेल तर त्याला थांबवावं. नवा पट्टा घडी घालून किंवा पिळून धरला तर आतली दोरी तुटते. काही इंजिनांत क्रँक पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तो नवा घ्यावा. कूलंट भरल्यावर हवा नीट काढावी. आणि तारीख व किलोमीटर लिहून बॉनेटखाली चिकटवून ठेवावं.

सेकंडहँड गाडी घेताना बिल नसेल तर पट्टा बदललेला नाही असंच धरून किंमत ठरवावी. बिलावर नुसतं ‘बेल्ट’ असेल तर तो आल्टरनेटरचाही असू शकतो, पार्ट नंबर बघावा.

तेलात बुडून चालणारे पट्टेही आहेत, उदाहरणार्थ इकोस्पोर्टचं 1.0 इकोबूस्ट. त्यांची मुदत लांब सांगतात पण तेल अगदी ठरलेल्या ग्रेडचंच लागतं, नाहीतर पट्ट्याचा चुरा होऊन ऑइल पंपाची जाळी तुंबते.