मधल्या खोलीतले दोन हिरवे

शेड कार्डावर शेजारीशेजारी असलेले दोन फिकट हिरवे पाहून ‘यांत फरक तो काय?’ असं कुणीही म्हणेल. पण बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरांना असते तशी मधली, चौकाकडून जेमतेम उजेड येणारी खोली रंगवायची असेल, तर थांबा. तिथे एक शांत पिस्ता राहील आणि दुसरा पोपटीकडे झुकेल. दोष रंगाऱ्याचा नाही.

कार्डावरून प्रकाश एकदा उडून डोळ्यांत येतो. खोलीत तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो आणि दरवेळी थोडा शोषला जातो. समजा, दोन्ही रंग हिरवा प्रकाश ७० टक्के परतवतात; तांबडा मात्र पहिला ६० टक्के, दुसरा ५५. एका फेरीनंतर तांबड्याच्या मानाने हिरवा पहिल्यात १.१७ पट, दुसऱ्यात १.२७ पट. हा फरक किरकोळ. तीन फेऱ्यांनंतर तेच आकडे १.५९ आणि २.०६! डोळ्यांत पोचतो तो अशा सगळ्या फेऱ्यांचा मिश्र प्रकाश, म्हणून फरक इतका टोकाचा दिसत नाही, पण वाढतो हे नक्की. छत आणि फरशी पांढरी असेल तर बराच आवरतो. चारी भिंती एकाच रंगाच्या करायची हौस इथेच महागात पडते.

दुसरी भानगड दिव्याची. रंग ओळखायला आपल्या डोळ्यांत तीनच प्रकारच्या शंकुपेशी असतात, त्यामुळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे दोन हिरवे एका दिव्याखाली हुबेहूब जुळू शकतात आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत निळ्याचा उंच सुळका असतो आणि निळ्या-हिरव्याच्या मधे खळगा. दिवसाच्या उजेडात तसं काही नसतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली केलेली निवड म्हणूनच कच्ची.

आणि जुन्या भिंतीवर नमुना लावून पाहू नका. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यातला काळा धागा फिका दिसतो ही तक्रार तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने तपासली, तेव्हा खोट रंगात नसून शेजारच्या धाग्यांमुळे तसं दिसत होतं. गुलाबी भिंतीवर कुठलाही हिरवा जास्तच हिरवा दिसतो. मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, भोवती पांढरी पट्टी सोडा. एकदा दुपारी आणि एकदा दिवे लावल्यावर, दोन पुठ्ठे काटकोनात कोपऱ्यात उभे करून पाहा. भिंतीभिंतीतली देवाणघेवाण तिथे थोडीफार दिसते.